उंबराच्या पल्याड

प्रिय धनेश,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून तू आधी ते उलटंसुलटं करशील, कुणी तक्रार तर पाठवली नाही ना म्हणून. तक्रार नाही. तुझ्या दादाचं अक्षर आहे, ओळखशील. फोन तू उचलत नाहीस, आणि तुमच्या गेटवरच्या रजिस्टरात ‘कोणाकडे’ आणि ‘काम काय’ असे जे दोन रकाने आहेत त्यांत माझं काम मावत नाही. म्हणून कागद घेतला. सकाळपासून मागच्या पडवीत बसलोय. पुढच्या खोलीत माणसं आहेत. शेजारच्या घरून आलेला चहा बाजूला गार झालाय.

लोकांना गाव नि खाडी दाखवायच्या माझ्या रविवारच्या फेरीला तू कधी आला नाहीस. तुमच्या चारही टॉवरांतली माणसं येऊन गेली, पुण्याहून कॉलेजची मुलं आली, एकदा तर विमानतळाच्या कामावरचा एक कोरियन इंजिनिअर आला आणि गावदेवीला नारळ फोडून गेला. तू तेवढा राहिलास. माझ्या अटी तुझ्या कानावर आल्या असतील. मध्येच सोडून कुणी जायचं नाही, आणि मी बोलत असताना मोबाइल खिशात. आज तुझ्या एकट्यासाठी फेरी काढतोय, कागदावर. अटी त्याच.

मी नववीत शाळा सोडली हे मी लोकांना सुरुवातीलाच सांगून टाकतो. मागून कुणी कुजबुजत विचारण्यापेक्षा ते बरं. पुढचं जे शिकलो ते उरणच्या कंटेनर यार्डात, जेवणाच्या सुट्टीत, जुनं गॅझेटियर एका मांडीवर नि डिक्शनरी दुसऱ्या मांडीवर घेऊन. ते शिक्षण कुणी मला दिलं नाही, त्यामुळे कुणी काढूनही घेऊ शकत नाही. आणि चूक मला सहन होत नाही, हा माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तुमच्या सोसायटीच्या जाहिरातीत ‘समुद्राकाठचं घर’ असं छापलंय. समोर समुद्र नाही, खाडी आहे. हे मी दर फेरीत सांगतो आणि दर वेळी कुणीतरी हसून म्हणतं की फरक काय पडतो. पडतो. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा गावाकडे यायचं, दोनदा परत जायचं, आणि आपलं खाणं, झोपणं, लग्नं, मरणं सगळं त्या येण्याजाण्यावर बेतलेलं होतं. समुद्राकाठच्या माणसाला तसं जगावं लागत नाही.

फेरी गावदेवीच्या पायऱ्यांवरून निघते. तिथून आपली गल्ली. दोन्ही बाजूंच्या इमारती इतक्या वाढल्यात की वरच्या मजल्यावरच्या बायका खिडकीतून एकमेकींना वाटी देतात. खाली मोबाइलवाले, वर भाडेकरू, त्याच्या वर आणखी भाडेकरू. आपल्या ओट्याच्या अर्ध्या भागात आता बिर्याणीची हंडी असते. उरलेल्या अर्ध्यात आई बसायची. तिच्यापाशी माझी फेरी हमखास अडकायची. लोक तिचा फोटो काढायचे, आणि ती काढू द्यायची, पण मग टोपली पुढे सरकवायची. फोटो काढला ना, आता सुकट घ्या. तुमच्या बी टॉवरमधल्या एका बाईंनी भीडेखातर दोन पिशव्या नेल्या. पुढच्या आठवड्यात तुमच्या लिफ्टमध्ये सूचना लागली की उग्र वासाचे पदार्थ लिफ्टमधून नेऊ नयेत. ते मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. सूचनेखाली सही तुझी होती, हे मी तिला वाचून दाखवलं नाही.

गल्ली संपली की मोठा रस्ता. पामबीच रोडचा तो सिग्नल चालणाऱ्यांसाठी फार थोडा वेळ हिरवा असतो, म्हातारं माणूस मध्यावर पोचतं तोवर गाड्या गुरगुरायला लागतात. पलीकडे पाऊल ठेवलं की आवाजच बदलतो. रुंद फूटपाथ, गुलाबी फुलांची परदेशी झाडं, कुत्र्यांचे केस कापायचं दुकान, आणि ती काचेची बेकरी जिथे पाव टोपलीत झोपवून ठेवलेला असतो. तिथं मी लोकांना थांबवतो. त्या बेकरीच्या दाराच्या जागी आपल्या बांधाची उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, हे त्यांना सांगावं लागतं. भरतीला ते लावायचं, ओहोटीला उघडायचं, नाहीतर खारं पाणी भातात. दार उघडलं की बाबा तुला नि मला खाली चिखलात उभे करायचे, वाहून जाणारा मासा, जिताडं, हातांनी धरायला. तुझ्या हातातून कधीच सुटलं नाही. माझ्या हातातून सुटायचं, कारण मी ते धरायच्या आधी त्याच्याकडे बघत बसायचो. लोकांना ही गोष्ट आवडते. मग ते आत जाऊन कॉफी पितात आणि मी बाहेर थांबतो.

बेकरीवरून जॉगिंग ट्रॅक लागतो. तुमच्या कुंपणाला लागून, खाडीकडे उतरत जाणारा, लाल मऊ रबराचा. आत्तापर्यंत तुझ्या ध्यानात आलं असेल, धनेश. गावदेवी, गल्ली, उघाडी, उंबर, खाडी. मी फेरी आखली ती पक्षी दाखवायला म्हणून, नकाशावर पेन्सिलीने, तीन-चार वाटा तपासून. शेवटी जी पक्की केली ती गावातून माणसाला शेवटचं नेतात तीच वाट होती. दुसरी कुठली वाट पायांना येतच नव्हती.

उंबर तुमच्या गेटच्या उजव्या हाताला, कुंपणाच्या आत. तो तोडला नाहीत याबद्दल मी दर फेरीत तुमच्या सोसायटीचं नाव चांगलं घेतो. खालच्या सपाट कातळाभोवती पांढरे गोटे रचलेत, वर योगासनांसाठी लाकडी फळ्या टाकल्यात, बुंध्याला रात्री पेटणारे दिवे गुंडाळलेत. आता इथलं तुला सगळं माहीत आहे, पण मी फेरीत कुणालाही काही गाळून सांगत नाही, तुलाही गाळून सांगणार नाही. त्या कातळावर आपण तिरडी टेकवतो. तोवर गेलेल्या माणसाचं तोंड घराकडे असतं. कातळावर मूठभर तांदूळ ठेवतात, तिरडी फिरवतात, आणि तिथून पुढे तोंड खाडीकडे. पुरुष पुढे जातात. बायका तिथून मागे फिरतात. उंबराच्या पलीकडे आपल्या गावची बाई जिवंतपणी प्रेताबरोबर कधी गेलेली नाही.

आईने तिथवर आजीला पोचवलं. सईला पोचवलं. आपली ती एवढीशी बहीण, तिला तिरडी नव्हती, बाबांनी तिला दोन्ही हातांवर धरली होती, तरी तिलाही त्या कातळावर टेकवलं. तू तेव्हा आईच्या कडेवर होतास. आणि मग बाबा. तेव्हा टॉवर नव्हते, भरावाची माती आणि सिडकोचे खुंट, मधोमध एकटा उंबर. मी थोरला, माझ्या हातात विस्तवाचं मडकं. पुढचा उजवा खांदा धाकट्याचा, म्हणजे तुझा. कातळावर बाबांना टेकवलं, तांदूळ ठेवले, आणि उचलायची वेळ आली तेव्हा तू बांबू सोडेनास. सिताराम काका तुझ्या पाठीवर हात फिरवत होते आणि तू एवढंच म्हणत होतास की अजून थोडा वेळ राहू द्या. माणसाला ओहोटीतच पोचवायचं असतं आणि ती निघून चालली होती, तरी कुणी तुला घाई केली नाही. सगळा गाव उन्हात उभा राहिला. बायकासुद्धा मागे फिरल्या नाहीत, तू उठेपर्यंत.

तेच सिताराम काका या चैत्रात गेले. त्यांना आम्ही वाटेने आणलं, सिक्युरिटीवाल्याने नेहमीसारखं गेट उघडलं, फळ्यांवर पोती टाकून आम्ही त्यांना टेकवलं. त्याच वेळी तुमच्या बागेत कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. फुगे होते. कुणीतरी वरून व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो तुमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला आणि पुढच्या रविवारी आम्हाला क्लबहाउसमध्ये बोलावणं आलं. आम्ही गावकीचे पाच जण, धुतलेले सदरे घालून. तुम्ही बारा-चौदा जण, मधल्या खुर्चीवर तू. बोलणारी माणसं वाईट नव्हती. एका डॉक्टरीणबाईंनी मुलांच्या मनावर काय परिणाम होतो ते शांतपणे सांगितलं. एका गृहस्थांनी विचारलं की ही खरोखर धार्मिक गोष्ट आहे की नुसती सवय, कारण धार्मिक असेल तर आम्ही आड येणार नाही. मी उत्तराला उठत होतो, पण त्यांनी मला नाही विचारलं. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, “मी त्याच गावचा आहे. अशी काही प्रथा नाही. माणसं दमायची, टेकवायची. आता गाडी आहे.”

एवढं झालं आणि बैठक संपली. चहा छान होता.

तेव्हापासून गावाची माणसं शववाहिनीतून जातात, पामबीच रोडने, वळसा घालून. गावकीने मान्य केलं, कारण तुझ्या शब्दापुढे आम्ही काय पुरावा आणणार होतो. मी मात्र पुढच्या फेरीत कुंपणाबाहेर उभा राहून लोकांना सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, आणि तू वरून फोन केलास की दादा, तुझी फेरी दुसरीकडून काढ. मी तुला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

आईला हे सगळं नळावर कळलं, बायकांकडून. मग मला जवळ बसवून विचारलं की धनेश ते कसा बोलला, हसत बोलला की मान खाली घालून. मी जसं होतं तसं सांगितलं. हसत नाही, मान खालीही नाही, मोबाइलकडे बघत बोलला. ती म्हणाली, “मंग त्याला ठावं हाय.” बस. त्यानंतर तिने तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही, आणि मला काढू दिला नाही. मी काही बोलायला लागलो की टोपली झटकायला घ्यायची. सुचिताला तर एकदा म्हणाली की आपल्या गोट्याला, म्हणजे मला, सगळ्या जगाच्या चुका दिसतात, याला कुणी चष्मा घालून दिला. तुझी वहिनी ते अजून सांगते आणि हसते. आज नाही हसली.

पावसाळा सरता सरता ती पडून राहायला लागली. डॉक्टरांनी वय सांगितलं, आजार सांगितला नाही. तू एकदा येऊन गेलास, मी कामावर असताना, फळं ठेवून. तिने ती कुणाला कापू दिली नाहीत, उशाशी ठेवून वास घेत राहिली. त्या दिवसांत तिने मला ते सांगितलं, आणि तेच तुला कळावं म्हणून ही सगळी फेरी. ती म्हणाली, “उंबराच्या पल्याड मी कदी गेली नाय र. मना गारीत घालू नको. खांद्यावर न्या, तथं जराशी टेकवा, मंग न्या.”

मी तिला समजावलं नाही. समजावण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझी माणसं मी जिथे सोडली तिथे मला थोडी थांबू दे, एवढंच तिचं म्हणणं. मग तिने विचारलं की पल्याड हाय तरी काय. धनेश, परक्या लोकांना इतकी वर्षं मी ती वाट दाखवली, पण घरात कुणी हा प्रश्न केलाच नव्हता. मी खाट खिडकीकडे ओढली आणि तिला फेरीचा उरलेला भाग करवला. ट्रॅक संपतो तिथे डावीकडे तळं. पूर्वी भरतीचं पाणी त्यात मोकळं यायचं, आता येण्याची वाट बुजत चाललीय, त्यामुळे रोहित पक्षी उशिरा येतात नि लवकर जातात. लोक त्यांना फ्लेमिंगो म्हणतात. धाकट्या जातीचा रोहित पाण्यात चोच उलटी धरून खातो, हे मी तिला हाताने करून दाखवलं. तळ्यामागे तिवरांची झाडी, तिची मुळं जमिनीतून बोटांसारखी वर आलेली. मग वाट निमुळती होते, उतार लागतो, पावसाळा संपून महिना झाला तरी चिखल असतो. शेवटी पत्र्याची शेड, लोखंडी चौथरा, आणि समोर खाडी. ओहोटीला पाणी लांब जातं आणि चिखल आरशासारखा चमकतो. ती डोळे मिटून ऐकत होती. मी तिवरांचं वर्णन रंगवत होतो तेव्हा मला थांबवून म्हणाली की बांधाकडची तिवरं तिने गुडघाभर चिखलात उभी राहून तोडलीत, ते मला नको सांगू. पुढचं सांग. बाबांना ठेवलं तिथून पाणी दिसतं का. मी म्हटलं दिसतं. सईला कुठं पुरली. मी म्हटलं शेडच्या मागं, उंचवट्यावर, भरतीचं पाणी पोचत नाही तिथं. ते तिला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. तिने माझा हात धरून ठेवला आणि झोपली.

आता फेरी संपली. अटीप्रमाणे तू मध्येच सोडून गेला नसशील असं धरून पुढचं लिहितो. आई आज पहाटे गेली. पुढच्या खोलीत आहे. झोपेतच गेली, सुचिताने हाक मारली तेव्हा कळलं. आपली यशोदाक्का सासरहून, उरणहून निघाली आहे, तिच्यासाठी थांबलोय, आणि तशीही ओहोटी दुपारनंतरच लागते. गावकीने शववाहिनी बोलावली होती, ती मी परत पाठवली. मागचे दोन खांदे माझा विपुल आणि यशोदाक्काचे यजमान. पुढचा डावा आपल्या वरच्या खोलीतला भाडेकरू प्रितम, नांदेडकडचा. आई त्याला डबा द्यायची, त्याने खांदा स्वतःहून मागून घेतला. पुढचा उजवा धाकट्याचा. गावातले चार जण तो द्यायला पुढे आले, मी कुणाला दिला नाही. हे पत्र तुझी वहिनी स्वतः तुमच्या गेटवर आणून देईल आणि तू ते उघडलंस हे बघून परत येईल. तू माफी मागावीस म्हणून मी लिहिलेलं नाही, आणि क्लबहाउसमध्ये काही बोलावंस म्हणूनही नाही. माझ्याशीही बोलू नकोस, माझ्या हातात मडकं असेल. फक्त खाली ये. गेट उघडं असेल तर कातळावर टेकवू. बंद असेल तर बाहेर फूटपाथवर. मी बघून ठेवलंय, दुपारनंतर उंबराची सावली कुंपण ओलांडून तिथवर येते. तुझा बांबू तोपर्यंत कुणाच्याही खांद्यावर नसेल, हाताने धरून आणू. उंबरापर्यंत तसं जमेल. पल्याड उतार आहे आणि चिखल आहे, तिथं हाताने नाही जमणार.

वाट बघणारा तुझाच,
गोट्यादादा